विंग छोटी पडतेय की शिसं जास्त झालंय?

स्कूबा डाइव्हिंगमध्ये जॅकेट बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट) सोडून बॅकप्लेट (पाठीवरची धातूची पाटी) आणि विंग (तिच्यामागची फुगणारी पिशवी) यांवर आलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: विंगची साइज चुकली, आता बदलून कुठे मिळेल? अशा इतक्या विंग दुरुस्तीच्या टेबलावर आल्या आहेत की हल्ली विंगला हात लावण्याआधी मी मालकाचा वेट बेल्ट (कमरेचा शिशाचा पट्टा) उचलून बघतो. नवी विंग म्हणजे हजारोंचा खर्च. बेल्टमधून दोन किलो काढायला पैसे पडत नाहीत. म्हणून खालचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून सुरू होतो आणि नवी विंग घेणं अगदी शेवटी येतं.

लक्षणं

आधी नेमकं काय होतंय ते ओळखा. "बॉयन्सी (पाण्यात ना बुडता ना वर जाता टिकणं) जमत नाही" हे लक्षण नव्हे.

- वर पाण्यावर विंग गच्च फुगवली तरी हनुवटी पाण्यातच राहते, लाट आली की तोंडात खारं पाणी.
- खाली जाताना वेग आवरत नाही. इन्फ्लेटरचं (विंगमध्ये हवा भरायच्या नळीचं) बटण दाबून धरलं तरी थांबेपर्यंत पाच-सात मीटर जास्त उतरलेले असता.
- डाइव्हच्या शेवटी ५ मीटरवर टिकता येत नाही, वर खेचल्यासारखं होतं. हवा काढायला जावं तर ती निघत नाही.
- आडवं तरंगताना एका कुशीवर कलंडता.
- वर आल्यावर विंग मागून ढकलते आणि तोंडावर पालथं पाडते.
- बटणाला हात न लावता विंग फुगते, किंवा फुगवलेली विंग बसत जाते.

पहिल्या दोन लक्षणांवरून लोक "विंग छोटी" म्हणतात, पुढच्या दोनांवरून "विंग मोठी". शेवटच्या दोनांचा साइजशी जवळजवळ संबंध नसतो, पण दोष विंगवरच येतो.

आधी विंगवरची पट्टी वाचा

लिफ्टचा (विंग किती वजन उचलते त्याचा) आकडा बहुतेक विंगवर पौंडात असतो. ३० लिहिलेलं असेल तर ते ३० किलो नव्हे, साधारण साडेतेरा किलो. २० म्हणजे ९ किलो आणि ४० म्हणजे १८. युरोपातल्या विंगवर न्यूटन छापलेले दिसतात. तिथे १० न्यूटनला ढोबळमानाने १ किलो धरा. खाऱ्या पाण्यात एक लिटर हवा एक किलोपेक्षा किंचित जास्त उचलते, म्हणून किलो आणि लिटर इथे एकच समजायला हरकत नाही. पुढचा सगळा हिशेब त्यावरच चालतो.

ती विंग एका सिलिंडरसाठी आहे की दोन, हेही पट्टीवर किंवा उत्पादकाच्या पानावर सापडतं. दोन सिलिंडरची रुंद विंग स्वस्तात मिळाली म्हणून एका सिलिंडरवर चढवणारे बरेच भेटतात. अशा विंगच्या दोन्ही कडा वर वळून सिलिंडरला दोन्ही बाजूंनी मिठी मारतात, हवा तिथे अडकते आणि डंपची (हवा सोडायच्या व्हॉल्व्हची) दोरी ओढली तरी बाहेर येत नाही. तुमची विंग दोन सिलिंडरची निघाली, तर हवा न निघण्याचं आणि कुशीवर कलंडण्याचं कारण मिळालं. फक्त या एका बाबतीत मी पुढच्या तपासण्या न करताच विंग बदलायला सांगतो.

मग शिसं

इथे घाई करू नका. खरा दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो.

जॅकेट वापरत होतो तेव्हा ८ किलो लागायचं, म्हणून आजही ८ किलो. हा हिशेब चुकतो, कारण मधल्या काळात पाठीवर स्टीलची प्लेट आली. स्टीलची साधी प्लेट आणि तिच्या कड्या-बकल मिळून पाण्यात दोन-अडीच किलो भरतात. शिवाय जॅकेटचं फोमचं पॅडिंग स्वतः थोडं तरंगायचं, ते गेलं. म्हणजे बेल्टमधून तीनेक किलो उतरायला हवं होतं आणि कोणी उतरवलं नाही.

दुसरा घोळ पाण्याचा. पुण्या-मुंबईतल्या तरण तलावात वजन ठरवून लोक कोकणात येतात तेव्हा उलट अडचण होते: समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं. माणूस आणि सामान मिळून १०० किलो धरले तर समुद्रात अडीच किलो जास्त लागतात. मग कोणीतरी घाबरून चार-पाच किलो वाढवतो, आणि ते शिसं पुढे कायमचं बेल्टवर राहतं.

तिसरं कारण फुप्फुसं. नवखा माणूस छाती भरून श्वास धरतो, शरीर खाली जाईना की आणखी शिसं मागतो. भरलेल्या आणि नेहमीच्या श्वासात दोन-तीन लिटरचा फरक सहज पडतो, म्हणजे तितक्याच किलोंचा. ते शिसं तुमच्या धास्तीला तोलत असतं. पुढे श्वास सुधारतो, पण बेल्ट हलका करायचं कोणाच्या लक्षात येत नाही.

तपासायचं असं. डाइव्ह संपताना, सिलिंडरमध्ये ५० बारच्या आसपास दाबाची हवा उरलेली असताना, उथळ पाण्यात बडीला (जोडीदार डायव्हरला) शेजारी ठेवून विंग पूर्ण रिकामी करा. पायांची घडी घाला, कारण नकळत फिन्स हलतात आणि सगळी तपासणी खोटी ठरते. नेहमीचा श्वास घेऊन स्थिर राहा. पाण्याची पातळी डोळ्यांशी आली आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडायला लागलात, तर वजन बरोबर आहे. दगडासारखे गेलात तर जास्त. एका वेळी एकच किलो काढा. पुढच्या डाइव्हला ५ मीटरवर, ५० बारवर, रिकाम्या विंगने टिकता आलं तर आणखी एक किलो काढून बघा. टिकता येईनासं झालं की एक किलो परत घाला आणि तो आकडा लॉगबुकात लिहा: कोणता सूट, कोणतं सिलिंडर, कोणतं पाणी यांच्यासकट.

भरलेल्या सिलिंडरवरच तपासायची वेळ आली तर निघालेल्या आकड्यात दोन किलो वाढवा. आपल्याकडे सगळीकडे दिसणारं अॅल्युमिनियमचं ८० सिलिंडर म्हणजे ११.१ लिटरचं. २०० बारला त्यात २,२०० लिटरच्या आसपास हवा मावते आणि हवा हजार लिटरला १.२ किलो भरते. म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास वजन नुसत्या हवेचं, आणि डाइव्हच्या शेवटापर्यंत त्यातलं दोन किलो तुम्ही श्वासातून सोडून दिलेलं असतं. हेच सिलिंडर भरलेलं असताना पाण्यात बुडतं आणि रिकामं झालं की दोनेक किलोंनी तरंगायला लागतं. शेवटी ५ मीटरवर वर खेचलं जाण्याचं हे अगदी साधं कारण असू शकतं. तसं असेल तर विंग मोठी नाही, शिसं कमी आहे. मात्र त्या वेळी विंग पूर्ण रिकामी होती याची आधी खात्री करा.

आता जास्तीचं शिसं विंगला काय करतं ते बघा. ४ किलो जास्त असतील तर ते तोलायला विंगमध्ये ४ लिटर जादा हवा लागते. १० मीटरवर दाब २ बार असतो, म्हणून ती हवा वर येईपर्यंत दुप्पट, ८ लिटर होते. मधे सोडली नाही तर ती तुम्हाला वर फेकते. "विंग मोठी आहे, आवरत नाही" या तक्रारीमागेही बहुधा हा ८ लिटरचा बुडबुडाच असतो. जास्त शिशामुळे तीच विंग वर पाण्यावर छोटी वाटते आणि वर येताना मोठी.

हवा काढायची पद्धत

हवा नेहमी सगळ्यात वरच्या जागी जाते. तुम्ही आडवे असाल आणि डोकं किंचित खाली असेल, तर हवा कमरेकडे असते. मागचा डंप ओढा. उभे असाल तर खांद्याशी; इन्फ्लेटरची नळी वर धरा. आडवे राहून नळी उचलणारा माणूस बटण कितीही दाबो, हवा तिथे पोचतच नाही.

पायांमधला पट्टा सैल असेल तर सगळा सेट पाठीवरून वर सरकतो आणि डंपची जागा बदलते. पट्टा आवळून परत बघा. तसंच कॅम बँडखाली (सिलिंडर बांधायच्या पट्ट्याखाली) विंगचा मधला भाग दुमडला गेलाय का हेही. सिलिंडर लावताना विंग थोडी जरी तिरपी बसली, तरी एका बाजूची वाट दाबली जाते आणि त्या कुशीवर कलंडायला होतं. जमिनीवर सेट पालथा ठेवून विंग फुगवा. दोन्ही बाजू सारख्या फुगल्या पाहिजेत. हॉर्सशू प्रकारच्या विंगमध्ये खालची दोन टोकं जोडलेली नसतात, त्यामुळे एकीकडची हवा दुसरीकडे जायला वरूनच जागा असते. डोनट प्रकारात ती खालूनही फिरते. सतत कलंडणाऱ्यांनी पुढची विंग घेताना हे लक्षात ठेवावं.

पालथं पाडण्याचा इलाज तर आणखी सोपा. वर आल्यावर विंग गच्च फुगवू नका, हनुवटी बाहेर येण्याइतकीच हवा भरा आणि खुर्चीत रेलल्यासारखे मागे रेला. विंगची हवा पाठीमागे असते, जॅकेटसारखी पोटाभोवती नसते.

गळती आणि अडकलेलं बटण

मालवण-तारकर्लीत पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, डाइव्हिंग बंद असतं. सामान चार महिने कोपऱ्यात पडून राहतं. ऑक्टोबरात पहिल्याच डाइव्हला विंग आपोआप फुगायला लागते, कारण बटणाच्या आत मीठ सुकून बसलेलं असतं.

असं पाण्यात झालं तर पहिलं काम: इन्फ्लेटरला जोडलेला लो प्रेशर होज (सिलिंडरकडून हवा आणणारी नळी) उपसा आणि डंप ओढून हवा सोडा. ही सवय हाताला असायलाच हवी, मग विंग कोणत्याही साइजची असो. होज जोडलेला असताना भिजलेल्या बोटांनी तो एका झटक्यात निघतो का, हे किनाऱ्यावर दर वेळी बघावं.

घरी तपासताना विंग गच्च फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी सैल पडली तर कोमट पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधा. तीन जागा आधी बघा: इन्फ्लेटरचं डोकं, नळी विंगला जोडते तो कोपर, आणि मागचा डंप, जो ओव्हरप्रेशर व्हॉल्व्हचंही काम करतो. वाळूचा एक कण बसला तरी तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि विंग निम्मी फुगल्यावरच हवा सोडायला लागतो. वापरणाऱ्याला वाटतं विंग छोटी, प्रत्यक्षात ती पूर्ण भरतच नाही. गोडं पाणी आत भरून, हलवून, डंपमधून काढा. दोन-तीनदा केलं की कण बरेचदा निघून जातो. बटणात कोणतंही तेल किंवा स्प्रे मारू नका, रबराच्या रिंगा खराब होतात.

विंग खरोखर किती लिटरची आहे

जुनी किंवा दुसऱ्याची विंग घेतली असेल तर पट्टीवर विसंबू नका. आवरणासकट विंगमध्ये नळाचं पाणी भरा, गच्च होईपर्यंत, आणि मग मोजपात्राने बादलीत काढा. जितके लिटर निघाले तितके किलो लिफ्ट, थोडं इकडे तिकडे. आवरण आटलेलं असेल किंवा आतला ब्लॅडर (हवेची पिशवी) दुमडलेला असेल तर आकडा पट्टीपेक्षा बराच कमी येतो. याला बादली आणि अर्धा तास लागतो, पण पुष्कळ वादावादी वाचते.

आता हिशेब

इथपर्यंत सगळं ठीक असेल, शिसं बरोबर असेल, गळती नसेल, आणि तरी पहिली दोन लक्षणं कायम असतील, तरच साइजचा विचार करायचा. तीन बेरजा करा आणि सगळ्यात मोठी घ्या.

पहिली वर पाण्यावरची. वजन बरोबर असलेला माणूस सुरुवातीला फक्त हवेच्या वजनाने जड असतो. त्यात डोकं पाण्याबाहेर धरायला चार-पाच किलो. अॅल्युमिनियम ८० वर हे सात-साडेसात किलो झालं.

दुसरी तळाची. हवेचं वजन अधिक सूट दबल्याने गेलेली तरंगायची ताकद. ३ मिलिमीटरचा सूट मुळात दोन-तीन किलो उचलतो आणि २० मीटरवर त्यातला बराचसा भाग गमावतो. बेरीज पाच किलोच्या आत-बाहेर.

तिसरी सेटची. पुष्कळ छोट्या होड्यांवर चढण्याआधी सेट पाण्यातच काढून वर द्यावा लागतो. तुम्ही आत नसताना तो तरंगला पाहिजे. भरलेलं सिलिंडर, प्लेट, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र) आणि सेटवर लावलेलं शिसं यांचं पाण्यातलं वजन एकत्र करा. अॅल्युमिनियम ८० वर, स्टील प्लेट आणि दोन किलो शिसं धरून, ते सहाच्या पुढे जातं. सगळं शिसं सेटवर लावलंत तर हा आकडा वाढतो आणि तुम्ही मात्र हलके होऊन वर राहता. म्हणून थोडं शिसं अंगावरच्या बेल्टवर असावं. गरज पडली तर ते टाकूनही देता येतं.

तिन्ही बेरजा ९ किलोच्या आत आल्या. म्हणजे कोकण, गोवा, नेत्राणी (कर्नाटकातलं बेट), अंदमान इथे ३ मिलिमीटरच्या सुटात आणि एका अॅल्युमिनियम सिलिंडरवर २० पौंडांची विंग पुरते. पण हाच माणूस ४ किलो जास्त शिसं घेऊन आला की पहिली बेरीज ११ च्या वर जाते आणि हनुवटी बुडते. मग तो ३० पौंडांची विंग विकत घेतो, त्रास थांबतो, आणि त्याला वाटतं की दोष विंगचाच होता. थोडी मोकळीक हवी, सिलिंडर कधी स्टीलचं मिळतं, अशा माणसाने २५ ते ३० पौंड घ्यावी. त्याहून मोठी घेऊन ठेवावी, पुढे कामाला येईल, हा विचार मला पटत नाही: रिकाम्या विंगचं कापड पाण्यात फडफडतं, ओढ वाढते, हवा घड्यांत लपते.

थंड पाण्यात चित्र बदलतं. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले आणि लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्हसारख्या खाणीच्या पाण्यात उतरणारे मराठी डायव्हर्स तिथे १२ लिटरचं स्टील सिलिंडर वापरतात. २३२ बारला नुसती हवाच सव्वातीन किलोंच्या पुढे भरते. ७ मिलिमीटरचा जाड सूट ३० मीटरवर सहा-सात किलो सहज गमावतो. बेरीज दहाच्या आसपास, म्हणून ३० पौंड, आणि सुटाचे दोन थर असतील तर ४०. ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा सूट) खोलीवर दबत नाही कारण त्यात हवा भरता येते, पण तो फाटून पाणी शिरलं तर विंगला एकटीला सगळं उचलावं लागतं. हिशेब त्या प्रसंगाचा करायचा. दोन सिलिंडरला ४० ते ६० पौंड लागतात. तो आकडा प्रशिक्षकाबरोबर बसून ठरवा.

विकत घेण्याआधी त्या साइजची विंग एखाद्या सेंटरकडून भाड्याने किंवा मित्राकडून मागून एक डाइव्ह करून बघा.

इथे थांबा

इन्फ्लेटर खोलून स्प्रिंग बदलणं, ब्लॅडरचं भोक घरच्या गोंदाने बुजवणं, कोपराचा आटा चिकटपट्टीने बसवणं यातलं काहीही करू नका. धुऊन आणि सुकवूनही बटण अडकत असेल किंवा व्हॉल्व्ह गळत असेल, तर त्या ब्रँडचं प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाकडे द्या. रात्रभराच्या चाचणीत बसलेली विंग "उथळच डाइव्ह आहे" म्हणून नेऊ नये. बटण आपोआप चालत असेल तर दोष रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजच्या (सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या) वाढलेल्या दाबातही असू शकतो, तो गेजशिवाय कळत नाही. सिलिंडरची दाबचाचणी पेसोची (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेची) मान्यता असलेल्या केंद्रातच होते. या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे.

वजन बरोबर, विंग बरोबर, तरी ५ मीटरवर टिकता येत नसेल तर पैसे सामानावर घालवू नका. प्रशिक्षकाबरोबर बॉयन्सीचा एक दिवसाचा वर्ग करा.

विंगने वर फेकलं असेल आणि नंतर सांधे दुखणं, मुंग्या, बधिरपणा, चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप यातलं काहीही जाणवलं, तर सामानाची तपासणी तिथेच सोडा. आडवे व्हा, ऑक्सिजन मागा, परत पाण्यात उतरू नका आणि डाइव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांपर्यंत पोचा. रीकम्प्रेशन चेंबर (अशा त्रासावर दाबाखाली उपचार करायची खोली) कुठे आहे हे सेंटरला डाइव्हच्या आधीच विचारून ठेवलेलं असावं. डाइव्ह कॉम्प्युटर सोबत न्या, खोली आणि वर येण्याचा वेग डॉक्टरांना त्यातूनच कळतो.